शून्य रुग्णांचं गाव

वर्धा
८ जानेवारी २०२५

ती. आत्या,

इथूनच पाया पडतो. फोन सोडून पत्र का, ते तुला माहीत आहेच. मागच्या वेळी मी फोनवर बोललेलं तुला सोडून अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. कानाचं यंत्र तू साखरेच्या डब्याशेजारी ठेवणार, तेव्हा आपलं पोस्टच बरं.

बातमी मोठी आहे. ‘प्रादेशिक प्राथमिक आरोग्य सेवा व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे’ अखेर तयार झाली! चौदा बैठका झाल्या, बारा तत्त्वं निघाली, आणि ती लिहिणारा तुझा भाचा आहे. साहेबांनी फक्त ‘व’ खोडून सगळीकडे ‘तथा’ केलं. सोबत पुस्तिका पाठवतो. तू तीस वर्षं नर्सबाई होतीस, म्हणून तुझा अभिप्राय हवा. कौतुकाचा असला तरी चालेल.

दुसरी बातमी त्याहून गोड. आता प्रत्येक उपकेंद्राची नोंद मोबाइलच्या ॲपवर होते, आणि तुमच्या टेंभूरझरीच्या उपकेंद्रात गेल्या चौदा महिन्यांत रुग्णसंख्या शून्य आहे. नर्स मोहिनीची हजेरी रोज सकाळी दहाला लागते, पण रुग्ण एकही नाही. साहेब म्हणाले, असं निरोगी गाव जिल्ह्यात दुसरं नसेल. सव्वीस जानेवारीला तुमच्या सरपंचांना सन्मानपत्र मिळणार आहे. मला तर अभिमानाने भरून आलं.

तुझा,
रजत

टेंभूरझरी, मार्गे तळेगाव (श्यामजी पंत)
१६ जानेवारी २०२५

चि. रजत,

आशीर्वाद घे. ते बाराही तत्त्वांच्या आधीचे आहेत, म्हणून कुठे बसत नसले तरी चालवून घे.

पुस्तिका पोचली. कागद फार चांगला आहे. पहिलं तत्त्व ‘समता’, दुसरं ‘सहभाग’, तिसरं ‘सुलभता’, आणि चौथ्यावर मला झोप लागली. उठून पुन्हा वाचली. अख्ख्या पुस्तिकेत ‘नर्स’ हा शब्द एकदाच आला, तोही ‘मनुष्यबळ (नर्स इ.)’ असा. तीस वर्षं मी ‘इत्यादी’च्या मांडीला मांडी लावून बसले होते, हे निवृत्त झाल्यावर बारा वर्षांनी कळलं.

ताराचंदच्या किराणा दुकानात मी ती चारचौघांत वाचून दाखवली. सन्मानपत्राचंही सांगितलं. ताराचंद तराजू खाली ठेवून म्हणाला, “आत्याबाई, गावात बिमारीच नाई म्हंतेत, मंग माह्या दुकानातून तापाच्या गोळ्या काय कावळे नेऊन राह्यले का?” त्याची सून रुचिका, म्हणजे आपल्या भूपेंद्रची बायको, मागे उभी होती. पहिलटकरीण आहे, सहावा महिना लागलाय. ती हळूच मला विचारते, “आत्याबाई, निरोगी गावात दिवस गेलेले चालते ना?” मी म्हटलं, रजतला विचारून सांगते.

शून्याबद्दल मी काही लिहीत नाही. त्या शून्याचं तुम्ही पुढे काय करणार, एवढं मात्र लवकर कळव. तीळगूळ पाठवलाय, पण पोस्टमननेही खाल्लेला दिसेल.

तुझी,
विमलाआत्या

वर्धा
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

तीळगूळ मिळाला, निम्मा. सन्मानपत्राच्या वेळी तुमचे सरपंच एवढे ताठ उभे होते, की त्यांची पाठ दुखत असेल. दुखली तरी उपकेंद्रात जाऊ नका म्हणावं, शून्य बिघडेल!

तू विचारलंस, शून्याचं काय करणार. सातवं तत्त्व वाच: ‘संसाधनांचे गरजेनुसार न्याय्य वाटप’. जिथे रुग्णच नाहीत तिथे नर्स माशा मारत बसवणं हा अन्याय आहे. म्हणून एक एप्रिलपासून मोहिनीची बदली दुसऱ्या केंद्रात, आणि टेंभूरझरी तळेगावला जोडायचं. नऊ किलोमीटर तर आहे. फाईल मीच तयार केली.

तुला आनंदच होईल. मोहिनी आली तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, “कालची पोर, तिले सुई धरता येते का?” आता सुटलीस.

तुझा,
रजत

टेंभूरझरी
५ फेब्रुवारी २०२५

चि. रजत,

सुटले म्हणे! अरे, मी तर माझ्या सुनेलाही पहिल्या वर्षी नावं ठेवली होती, तिची बदली कर म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. ती फाईल थांबव.

गावात आत्ता आठ बाया गरोदर आहेत. नऊ किलोमीटर तुमच्या जीपला असतात. इथे एसटी दिवसातून दोनदा येते, आणि सातव्या-आठव्या महिन्यातली बाई त्या रस्त्याने गेली तर बाळंतपण वाटेतच उरकेल.

लोक तुमच्या उपकेंद्रात का जात नाहीत, ते तू नकाशात पाहिलं नसशील. इमारत नाल्यापलीकडे आहे. पंचायतीला जागा फुकट मिळाली ती तिथे, आणि फुकट का मिळाली तर ती स्मशानाला लागून आहे म्हणून. मधे कुंपणही नाही. ज्याने जागा ठरवली त्याचा सोयीचाच विचार असेल, इकडून बरं नाही झालं तर तिकडे. आपल्याकडे दिवस गेलेली बाई मसणवटीच्या वाटेने जात नाही, हे तुझ्या आईलाही माहीत होतं. तुझ्या वेळी तिने पलीकडच्या शेतातला हुरडासुद्धा सोडला होता.

रुचिकाची सासू प्रमिलाबाई परवा म्हणाली, “जाळायची लाकडं दिसते तिथून. माही सून मी नाई पाठवत, तुमचा कलेक्टर आला तरी.” आता सांग, किती नोंदी झाल्या म्हणजे मोहिनी राहील? आकडा सांग, बाकीचं मी पाहते.

विमलाआत्या

वर्धा
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

तू शिकलेली बाई असून मसणवटीचं सांगतेस याचं नवल वाटलं. चौथं तत्त्व (ज्यावर तुला झोप लागली ते) ‘जनजागृती’ हेच आहे. मी एक फ्लेक्स पाठवतो. ‘भीती सोडा, आरोग्याशी नाते जोडा’. तो इमारतीवर लावायला सांग. स्मशानाच्या बाजूने तोंड करू नको म्हणजे झालं, तिकडच्यांना उशीर झालाय.

आकडा हवा असेल तर लिहून घे. फेब्रुवारी संपेपर्यंत किमान आठ गरोदर मातांची तपासणी उपकेंद्राच्या आवारात व्हायला हवी. आवाराच्या पन्नास पावलं बाहेर ॲप चालतच नाही. समोर आलेल्या व्यक्तीचा फोटोही लागतो, कारण खोट्या नोंदी फार होतात. माझ्या आत्याच्या गावात तसलं काही होणार नाही याची खात्री आहे.

रजत

टेंभूरझरी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. रजत,

आठ नोंदी झाल्या. इमारतीच्या आत झाल्या, आणि फोटोसकट झाल्या. फाईल बांधून माळ्यावर टाक.

फ्लेक्स आला. ताराचंदने दुकानापुढे सावलीला बांधला आहे. गिऱ्हाइकांना फार उपयोग होतो.

विमलाआत्या

वर्धा
४ मार्च २०२५

आत्या,

नोंदी पाहिल्या. साहेबांनीही पाहिल्या. मोठ्या पडद्यावर, पंधरा माणसांसमोर.

आठ गरोदर माता. त्यांतल्या सहा जणींना मिशा आहेत. एकीने डोक्याला गमछा बांधला आहे आणि तोंडात तंबाखूचा खर्रा आहे. ‘रुचिका, वय तेवीस’ या नावापुढे भूपेंद्र अंगठा वर करून हसतोय! ॲपने त्याला संदेशही पाठवला: ‘अभिनंदन, आपण आई होणार आहात.’ त्यावर त्याने हात जोडून धन्यवाद कळवलेत.

बैठकीत कुणीतरी म्हणालं की समतेचं तत्त्व टेंभूरझरीने फारच मनावर घेतलं आहे. सगळे हसले. मीही हसलो, कारण ते तुझं गाव आहे हे साहेबांना माहीत नाही आणि कळू द्यायचं नव्हतं.

मोहिनीला नोटीस निघाली आहे. खोट्या नोंदीचा ठपका आहे. आता बदली नाही, तिचा करारच संपेल. चौकशी अधिकारी म्हणून माझंच नाव घातलंय. तू काय केलंस हे? मला सरळ सांग, आता चेष्टा नको.

रजत

टेंभूरझरी
१० मार्च २०२५

चि. रजत,

चेष्टा मी केली नाही. ती तुमच्या कारखान्यात आधीच तयार होऊन आली होती. पण चूक माझी आहे आणि ती मोहिनीला भोवते आहे, म्हणून आता सगळं लिहिते.

आपल्याकडे बाईचं कार्ड घेऊन नवऱ्याने जायचं आणि गोळ्या आणायच्या, ही माझ्या वेळेपासूनची रीत आहे. मी आठही नवऱ्यांना पाठवलं, बायकांची कार्डं हातात देऊन. तपासणी आधीच झालेली होती, फक्त ती तुमच्या भिंतींच्या आत दाखवायची होती. ॲपने फोटो मागितला, समोरच्या व्यक्तीचा. ती पोरगी इतकी सरळ की समोर जो होता त्याचाच तिने काढला. खोटं करायचं असतं तर तिने बायकांचे फोटो मोबाइलमधून चढवले नसते का? मला मात्र एवढं सुचलं नाही, की तुमच्या यंत्राला मिशी दिसते आणि बाई दिसत नाही.

आता तपासणी आधी कुठे झाली ते ऐक. माझ्या ओसरीवर.

तुला आठवत असेल, पूर्वी उपकेंद्राला इमारत नव्हती. ही ओसरी मी सरकारला दिली होती आणि तीस वर्षं इथेच बसले. इमारत झाली, फीत कापली, पण माणसं काही हलली नाहीत. मोहिनी आली तेव्हा वर्षभर त्या इमारतीत एकटी बसली. प्रेत आलं की बाहेर उभी राहायची, दुसरं काम नव्हतं. मग मीच तिला म्हटलं, “काऊन तिथं बसून राह्यली? इकडं ये.” तेव्हापासून सकाळी दहाला ती नाल्यापलीकडे जाते, ॲपला तोंड दाखवते, कुलूप लावते आणि इथे येते. दिवसाला दहा-पंधरा माणसं येतात. ॲप म्हणतं, ‘आपण केंद्रात नाही’. म्हणून ती सगळं वहीत लिहिते. तुमच्या त्या चौदा महिन्यांच्या आणि पुढच्या मिळून तीन वह्या आहेत माझ्या कोठीत. हेच तुझं निरोगी गाव.

तुला आधी का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर नर्स केंद्र सोडून दुसरीकडे बसते म्हणून तू तिला काढली असतीस. नाही सांगितलं तर रुग्ण नाहीत म्हणून काढतोस. दोन्हीकडून तुझं तत्त्व बरोबर, माझी पोर चूक. हो, माझी पोर. सुई धरता येते तिला, माझ्यापेक्षा चांगली.

आणि आता हसू नको. रुचिकाचा रक्तदाब मागच्या आठवड्यापासून चढतोय. पायांना सूज आहे. वहीत लिहिलंय, तुझ्या ॲपमध्ये ती ठणठणीत आहे, मिशीसकट. मोहिनी एक दिवसाआड तिच्या घरी जाऊन तपासते. एक एप्रिलनंतर कोण जाईल ते मला सांग.

चौकशीला ये. इमारतीत जाऊ नको, सरळ ओसरीवर ये.

विमलाआत्या

वर्धा
३० मार्च २०२५

ती. आत्या,

वीस तारखेला मी निघालो तेव्हा तू ओसरीवरून हात हलवत राहिलीस. तेव्हापासून लिहायचं म्हणतोय.

तू सांगूनही मी आधी इमारतीतच गेलो. जीपचा नकाशा तिथेच घेऊन गेला. दाराला कुलूप होतं आणि हजेरी लागलेली होती. तू सगळं लिहिलं होतंस, तरी चोरी पकडली असंच मला वाटलं. तिथून तुझ्या ओसरीवर आलो तर मोहिनी रुचिकाच्या दंडाला पट्टा बांधून बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. मी नोटीस काढली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “साहेब, ते मंग वाचजा. एकशे सत्तर झालं, हिच्या डोळ्यांपुढं काजवे दिसून राह्यले. गाडी तुमचीच हाय ना?” एवढंच म्हणाली. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली होती. मला त्या क्षणी बारांपैकी एकही तत्त्व आठवलं नाही आत्या, मी नुसता ड्रायव्हरला हाका मारत सुटलो.

पुढचं तू पाहिलं नाहीस. मागच्या सीटवर पुस्तिकांचे गठ्ठे होते. मोहिनीने रुचिकाला डाव्या कुशीवर झोपवलं आणि ती खाली घरंगळू नये म्हणून गठ्ठे आडवे लावले. आर्वीच्या पुढे रुचिकाला एक झटका आला. मोहिनीने तिची मान धरून ठेवली आणि ड्रायव्हरवर असं ओरडली की तो म्हैस आडवी आली तरी थांबला नाही. मी पुढे बसून रडत होतो, हे तिने तुला सांगितलं असेल तर खरं आहे. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. मुलगी पावणेदोन किलोची आहे, काचेच्या पेटीत आहे, पण हातपाय जोरात झाडते.

तू नऊ किलोमीटरबद्दल लिहिलं होतंस आणि मी फ्लेक्स पाठवला. मला लाज वाटते.

आता कचेरीचं. चौकशी अहवालात मी लिहिलं की फोटो ही तांत्रिक चूक आहे आणि तीन वह्या जोडल्या. मोहिनीची नोटीस मागे घेतली. मला मात्र नवी आली: ‘शासकीय वाहनाचा अनधिकृत वापर’. पुस्तिकांवर डाग पडल्याचाही त्यात उल्लेख आहे. मी तेरावं तत्त्व सुचवलं, ‘केंद्राची जागा गावातल्या गरोदर बाईला विचारून ठरवावी’. समितीने विचारलं, याला संदर्भ काय? मी म्हटलं, प्रमिलाबाई. ते खोडलं.

मग मी एक काम गुपचूप केलं. ॲपमध्ये प्रत्येक केंद्राचा नकाशावर एक ठिपका असतो. तो हलवायचा अधिकार माझ्याकडे आहे आणि त्याला मंजुरी लागत नाही, कारण ठिपका चुकू शकतो हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. टेंभूरझरी उपकेंद्राचा ठिपका मी बोटाने उचलला, नाला ओलांडला आणि तुझ्या ओसरीवर ठेवला. आता तिथूनच नोंदी होतील. परवा एका दिवसात सोळा झाल्या. बदलीची फाईल आपोआप बाद झाली आणि मोहिनीचा करार अकरा महिन्यांनी वाढला. हे कुणाला सांगू नकोस, विशेषतः फोनवर.

तुझा,
रजत

टेंभूरझरी
२१ एप्रिल २०२५

चि. रजत,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या बोटाला वेगळे.

तुझ्या नोटिशीला उत्तर मी सांगते तसं लिही: गाडी सरकारची होती, तत्त्वंही सरकारचीच होती, दोन्ही एकदाच कामाला आली, ती त्याच दिवशी. पटलं नाही तर नोकरी जाईल. गेली तर इकडे ये, ओसरीवर वह्या लिहायला माणूस हवाच आहे.

गावात मोठा दुःखाचा प्रसंग झाला. सन्मानपत्र परत मागितलं! कागदावर लिहून आलं की टेंभूरझरीची रुग्णसंख्या शून्यावरून अचानक वाढली, सबब गाव निरोगी राहिलेलं नाही. सरपंच दोन दिवस जेवले नाहीत. मोहिनीला म्हणाले, “बाई, थोडे कमी लोकं तपासत जाजो ना.” तिने त्यांचाच रक्तदाब तपासला आणि तोही नोंदवला.

रुचिकाची पोरगी दवाखान्यातून आली. काल वजन केलं, दोन किलो दोनशे भरली. भूपेंद्र तिला घेऊन बसला की लोक विचारतात, “आई कशी आहे?” आणि तो स्वतःच म्हणतो, “मी बरा हावो.” प्रमिलाबाईने मोहिनीला लुगडं नेसवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हाले मंग देईन.” मी वाट पाहते आहे.

आणि तुझ्या ठिपक्याचा प्रताप ऐक. परवा तळेगावहून तानबा पेंटर आला, रंगाचे डबे आणि शिडी घेऊन. प्रत्येक उपकेंद्राच्या दर्शनी भिंतीवर बारा तत्त्वं रंगवायचा हुकूम आहे म्हणे, आणि मोबाइलने त्याला थेट माझ्या ओसरीवर आणून उभा केला. माझ्या भिंतीला एक खिडकी, एक दार आणि उरलेल्या जागेत तुळशीचा कोनाडा आहे. त्याने टेपने मोजलं आणि डोकं खाजवलं. “आत्याबाई, एवढ्याशा जागेत बारा नाई बसत. एकच ओळ बसते. कोनती लिहू, ते तुम्हीच सांगजा.”

रजत, मी तुझी पुस्तिका आणून पुन्हा पहिल्यापासून वाचली. खरंच वाचली, चौथ्यावरही जागी राहिले. समता, सहभाग, सुलभता, सगळं चांगलं आहे, वाईट काहीच नाही. पण त्या दिवशी रुचिका दोन्ही हातांनी डोकं धरून या दारात आली, तेव्हा तिला यातलं काय वाचायला हवं होतं, याचा मी विचार केला आणि मला रडू आलं.

मग तानबाला सांगितलं ते त्याने लाल रंगात, मोठ्या अक्षरात लिहिलं आहे:

‘नर्सबाई आत आहे. हाक मारा.’

तो विचारत होता, हे कितवं तत्त्व. मी म्हटलं, हाक मारून पाहा. त्याने मारली. मोहिनी हात पुसत बाहेर आली, “कोन हाय? काय होऊन राह्यलं?” आणि त्याला खरोखरच चार दिवसांपासून खोकला होता. त्याचीही नोंद झाली आहे, बघून घे.

तुमच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ही ओळ त्यात घाल. फक्त साहेबांना तिच्यात ‘तथा’ घालू देऊ नकोस.

तुझी,
विमलाआत्या